आजाऱ्यापाशी बसणारी

तियामिन आमच्या तळ्याकाठच्या लुम्बान सिहोलमध्ये परत आली तेव्हा तिला ओळखणारं गावात फारसं कुणी उरलं नव्हतं. लग्न करून ती तरुणपणीच दूर देली भागातल्या रबराच्या मळ्यांत गेली होती. नवरा तिकडेच वारला. सत्तरीला टेकल्यावर एक दिवस ती पत्र्याची पेटी घेऊन बोटीतून उतरली, गावाच्या टोकाला बांबूच्या बेटापाशी तिच्या भावाचं बंद घर होतं ते झाडून घेतलं आणि राहू लागली. इथपर्यंत कुणाला काही वाटायचं कारण नव्हतं.

मग ती आजाऱ्यांकडे जायला लागली.

आजाऱ्याला भेटायला आमच्याकडे सगळेच जातात. भात-मासा घेऊन जायचं, प्रार्थना करायची, कॉफी प्यायची आणि निघायचं. तियामिन मात्र बसायची. सकाळी गेली की उन्हं उतरेपर्यंत उठायची नाही. घरच्यांना म्हणायची, तुम्ही शेतात जा, मी आहे इथे. ते गेले की दार लोटून घ्यायची. तिच्याजवळ जुन्या विणलेल्या शालीच्या तुकड्यात बांधलेलं एक गाठोडं असायचं, ते ती कुणाच्या हातात देत नसे. बाहेरून कान दिला तर आतून नुसती पुटपुट ऐकू यायची.

आधी मासे धरणाऱ्या मांगिहुतचा बाप गेला. मग शाळेमागे राहणारी ती खोकल्याची बाई. मग ताडाच्या झाडावरून पडून कंबर मोडलेला ताडीवाला, त्याचं तर वय काहीच नव्हतं. कांदा लावल्यापासून काढेपर्यंत तिघं गेले, आणि तिघांच्याही उशाशी शेवटी तीच होती.

ताडीच्या गुत्त्यावर पहिल्यांदा कोण बोललं ते आता कुणी कबूल करणार नाही. पण त्या भुताचं नाव निघालं. जसजसं वर बघावं तसतसं उंच होत जाणारं भूत. जो पाळतो त्याची भरभराट करतं आणि त्या बदल्यात शेजाऱ्यांचे जीव घेतं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्यांची ख्रिस्ती माणसं. दर रविवारी घंटा झाली की अख्खं गाव उपासनेला. तरी त्या भुताचं नाव निघालं की पहिल्या बाकावर बसणारासुद्धा आवाज खाली आणतो. पलीकडच्या खोऱ्यात असंच नाव निघालं होतं, तेव्हा एका म्हाताऱ्या जोडप्याचं घर जाळलं होतं लोकांनी. त्यानंतर त्या गावात कुणी मेलंच नाही असं नाही, पण तो हिशेब कुणी केला नाही.

हळूहळू तियामिन पाणवठ्यावर आली की बायका घागरी उचलू लागल्या. चर्चमध्ये तिच्या बाकावर ती एकटीच बसू लागली. तिच्या परसातल्या मिरच्या फार तरारल्यात, तेही लोकांच्या डोळ्यांवर आलं.

लासमा आमच्या मंडळीची सिंतुआ होती. पाळक महिन्यातून एकदा यायचे. बाकीचे रविवार उपासना तीच चालवायची, शास्त्र तीच वाचायची, मयतीची प्रार्थनाही तीच म्हणायची. सरळ बाई, पण जिभेला धार. ती भुताखेतांवर विश्वास ठेवत नव्हती, तसा माणसांवरही चटकन ठेवत नव्हती. तिला वेगळीच शंका होती. या म्हातारीला हवंय काय? दिवस दिवस परक्याच्या घरी बसून राहायला हिला कोण सांगतं? मरणाऱ्याच्या तोंडून घरातल्या गोष्टी काढून घेते का? जमिनीबिमिनीचं काही? की जुन्या मांत्रिकांपैकी कुणाचं शिकून आली आहे, आणि प्रभूचं नाव घेऊन तेच करते आहे?

तिने एकदा चर्चच्या पायऱ्यांवर तियामिनला अडवून विचारलंही. तियामिन म्हणाली, बोलत बसते त्यांच्याशी. लासमाने विचारलं, काय बोलता? तियामिन म्हणाली, ते त्यांचं असतं, सिंतुआ. लासमाला ते उत्तर मुळीच आवडलं नाही.

त्याच सुमारास लासमाच्या नवऱ्याला, बिस्तोकला, झटका आला. उजवी बाजू गेली आणि जीभ जड झाली. बोलायला गेला की शब्दांचा चिखल व्हायचा. एवढा गप्पिष्ट माणूस, लग्नकार्यात दोन्हीकडच्या लोकांना हसवून हसवून दमवणारा. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. लासमा त्याला भरवायची, पुसायची, कूस बदलायची. मुलगा तोगार दूर बातामला कारखान्यात, त्याला रजा नाही. कांदे शेतात वाट बघत होते.

एक दिवस ती शेतातून लवकर परतली तर दार लोटलेलं. आत बिस्तोकच्या उशाशी तियामिन, मांडीवर ते गाठोडं. लासमा दार पूर्ण उघडून बाजूला उभी राहिली. तियामिन उठली आणि निघून गेली.

नंतर कळलं, बिस्तोकनेच शेजारणीला खुणा करून तिला बोलावून घेतलं होतं. हे कळल्यावर लासमा अधिकच घाबरली. ज्या बाईचं नाव सगळे टाळतात तिला हा स्वतःहून बोलावतो? संध्याकाळी तो जेवेना. दुसऱ्या दिवशीही नाही. डाव्या हाताने सारखा दाराकडे बोट दाखवायचा. तिने रागावून बघितलं, विनवून बघितलं. शेवटी शेजारणीकडे निरोप दिला की येऊ दे तिला.

पण लासमा शेतात गेली नाही. कोयता-टोपली घेऊन सगळ्यांसमोर निघाली आणि मागच्या वाटेने परत येऊन घराखाली शिरली. आमची जुनी घरं खांबांवर उभी; खाली डुकरं, सरपण, तुटकी होडी. त्या होडीत ती बसून राहिली, डोक्यावर फळ्या, फळ्यांमध्ये फटी.

आधी पाण्याचा आवाज आला. मग लिंबाचा उग्र वास खाली उतरला. मग पुटपुट सुरू झाली. तियामिन काहीतरी म्हणे, ठेक्यात. मग बिस्तोकचा तो चिखल झालेला आवाज. मग तियामिन तेच पुन्हा, थोडं बदलून. मग पुन्हा पाण्याचा आवाज. पुन्हा तेच. एकही शब्द नीट लागत नव्हता, पण ठेका लागत होता, आणि त्या ठेक्याने लासमाच्या अंगावर काटा आला. मग वरून बिस्तोकचा घुसमटल्यासारखा आवाज आला, पुन्हा पुन्हा, श्वास अडकल्यासारखा.

ती होडीतून उठली, डोकं फळीवर आपटलं, तशीच शिडी चढून आत घुसली.

बिस्तोक हसत होता. अर्धा चेहरा हलत नव्हता, अर्ध्याने हसत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं. त्याचे केस ओले होते. उशापाशी गाठोडं सुटलेलं: एक फणी, तेलाची बाटली आणि कापलेली जाड सालीची लिंबं. तीच लिंबं. लासमाची आजी सांगायची, मांत्रिक हीच वापरायचे.

तिने त्यातलं एक उचललं. "हे काय आहे, इनांग?" आवाज तिने मुद्दामच चढवला नाही. वयाने मोठ्या बाईला आम्ही इनांग म्हणतो, आईसारखं; त्या दिवशी ते तिच्या तोंडून कसंतरीच आलं.

"लिंबू."

"ते मलाही दिसतंय. कशाला?"

"केस धुवायला. पडून राहिलेल्या माणसाच्या डोक्याला वास येतो. तुम्ही अंग पुसता, पण डोकं राहून जातं. त्याला तो वास कळतो, आणि लाज वाटते."

डोकं खरंच राहून गेलं होतं, ते लासमालाही नाकारता येईना. पण ती तेवढ्यावर सोडणारी नव्हती. "आणि ती पुटपुट?"

तियामिनने बिस्तोककडे बघितलं, जणू परवानगी मागितली. मग सांगितलं. तिची आई मयतीला गाणारी होती. मेलेल्याच्या उशाशी बसून त्याचं आयुष्य ओळींत बांधून गायची. तेव्हाच्या पाळकांनी ते बंद करायला लावलं. तियामिनला त्याचं वाईट वाटलं नव्हतं, उलट पटलं होतं. मेलेल्याला ऐकवून काय उपयोग? नवरा मळ्याच्या दवाखान्यात एकटा गेला, ती पोचेपर्यंत खाट रिकामी झाली होती. तेव्हापासून तिच्या मनात होतं की जे गायचं ते माणूस ऐकत असताना गावं, आणि शक्य झालं तर त्यालाच करायला लावावं. म्हणून ती आजाऱ्याला विचारते, कशाकशाबद्दल उपकार मानावेसे वाटतात? मोठं काही नको, बारीकसारीक सांगा. मग दोघं मिळून त्याची चार ओळींची कविता करतात, लग्नकार्यात म्हणतात तशी. पहिल्या दोन ओळींत तळं, डोंगर, झाडं. पुढच्या दोन ओळींत मनातलं.

लासमा म्हणाली, "एवढंच असेल तर लपवायचं काय त्यात? लोक काय काय बोलतात ते ऐकलं नाही का तुम्ही?"

"ऐकलं."

"मग का जाता? दया येते म्हणून?"

तियामिनने फणीत अडकलेले केस काढले. "दया सगळ्यांनाच येते. मला मजा येते."

"काय?"

"मजा येते, सिंतुआ. यमक जुळलं की माणूस मरायला टेकलेला असला तरी त्याचा चेहरा बदलतो. आणि माझाही. घरी जाताना मी तेच म्हणत जाते. दुसऱ्याच्या दुखण्यापाशी बसून असं सुख घ्यावं का, ते मला कळत नाही. प्रार्थनेत रोज विचारते. उत्तर नाही मिळालं अजून."

लासमाने पुढे आमच्या गाण्याच्या मंडळातल्या बायकांना सांगितलं, ती जर म्हणाली असती की प्रभूने मला पाठवलं, तर मी तिला तेव्हाच शिडीवरून खाली उतरवली असती. प्रभूने पाठवलेली फार माणसं बघितलीत मी. पण असलं उत्तर कुणी स्वतःहून देत नाही.

एवढं झाल्यावर बिस्तोकने डावा हात हलवला. त्याला ऐकवायचं होतं. तो एकेक शब्द ढकलत होता, अडला की तियामिन ओठ हलवायची, पण बोलायची नाही.

उतारावरती कांदा लाल,
तळ्यावरून वारा आला;
मासा खारट सालोसाल,
तरी मी ताट पुसून खाल्ला.

लासमा म्हणाली, "खारट?"

तो हसायला लागला.

"इतकी वर्षं खारट होता, तोगारच्या बापा, आणि तुम्ही बोलला नाहीत?"

त्याने अर्ध्या जिभेने सांगितलं की हेच तर बोललो आता. तिला राग आला, आणि रागातच ती त्याच्या पायाशी बसली, आणि मग तिला रडू आलं. त्या माणसाने लग्नापासून कधी तिच्या हातच्या जेवणाला बरं म्हटलं नव्हतं. चर्चमध्ये आम्ही दर रविवारी उपकारस्तुती म्हणतो, ठरलेल्या शब्दांत, सगळ्या जगासाठी. पीक, पाऊस, आरोग्य. खारट माशासाठी उपकार मानलेले तिने आजवर ऐकले नव्हते.

शंका मात्र अशी एका दिवसात जात नाही. तियामिन पुढेही येत राहिली आणि लासमा दाराजवळ कांदे निवडत बसत राहिली, एक कान आत. बिस्तोक जेवायला लागला. तो बरा होत नव्हता, पण भिंतीकडे तोंड करणं त्याने सोडलं.

इकडे गुत्त्यावर ठरत होतं. मांगिहुत पुढे होता. तळ्यावर जाळी टाकणारा, अंगाने दांडगा, बाप गेल्यापासून कुणाशी नीट बोलत नव्हता. तळ्यापलीकडून एका मांत्रिकाला आणायचं, तो ज्याच्याकडे बोट करेल त्याने गाव सोडायचं. सोडलं नाही तर पुढचं पुढे.

पण मांत्रिकापर्यंत थांबलं नाही ते. रविवारी उपासना संपली आणि पुरुष चर्चच्या आवारात घोळक्याने उभे राहिले. मग घोळका हलला, बांबूच्या बेटाकडे. बायका मागून गेल्या. मीही होते. सगळ्यांच्या अंगावर चर्चचे चांगले कपडे. एकाच्या हातात रॉकेलचा डबा होता.

तियामिन शिडीच्या वरच्या पायरीवर बसली होती, चर्चचेच कपडे अंगावर, तांदूळ निवडत. ती उठली नाही. लासमा मागून पळत आली, धापा टाकत, गर्दीतून वाट काढत, आणि शिडीच्या खालच्या पायरीवर उभी राहिली.

मांगिहुत म्हणाला, "इनांग सिंतुआ, तुम्ही बाजूला व्हा."

"होते. आधी सांग, काय करायचं ठरवलंय?"

"हिने माझ्या बापाला खाल्लं. आता तुमच्या घरात शिरली आहे. तुम्हाला दिसत नाही?"

मागून कुणीतरी म्हणालं, सिंतुआच्या नवऱ्यालाही भारलंय, तो हिच्याशिवाय जेवत नाही. आणखी एकाने गाठोड्याचं काढलं. आवाज वाढायला लागले. लासमाला उपासनेत बोलायची सवय होती, पण तिथे सगळे ऐकायलाच बसलेले असतात. इथे तिचा आवाज बुडाला. तिने दोनदा सुरुवात केली आणि दोनदा सोडून दिली.

मग तिने ती कविता म्हटली. उपासनेत शास्त्र वाचावं तशी, मोठ्याने, सावकाश. कांदा, वारा, मासा, ताट. पुढे म्हणाली, "हे बिस्तोकने केलंय. माझ्यावर. ही बाई आजाऱ्यांपाशी बसून हे करते. डोकं धुते आणि हे करते. घराखाली होडीत लपून ऐकलंय मी, सिंतुआ असून. माझ्याइतका संशय तुमच्यात कुणी घेतला नसेल."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग माझ्या बाजूची एक बाई हळूच म्हणाली, "मासा खारटच असतो तिचा. सुगीच्या जेवणात खाल्लाय ना आपण." आणि हसली. तिचं हसू पाहून दुसरी हसली. लासमाने त्या दोघींकडे असं बघितलं की तिसरीलाही हसू आवरेना. पुरुषांतही कुणीतरी फिसकन हसलं.

मांगिहुत हसला नाही. त्याने वर तियामिनकडे बघितलं.

"माझ्या बापाने काय केलं? त्याची कविता म्हण. म्हण ना."

तियामिनने सूप बाजूला ठेवलं. आम्हाला सगळ्यांना वाटलं, आता ही म्हणणार. तिला काय अवघड होतं? त्या म्हाताऱ्याची होडी, जाळं, पोरगा, चार ओळी तर जुळवायच्या. तिने मांडीवरचे तांदळाचे कण झटकले.

"तुझ्या बापाने कविता केली नाही."

"का?"

"मला सांगायला लावू नकोस, बाळा."

"सांग."

"ते चिडलेले होते. मी विचारलं तर म्हणाले, कशाचे उपकार? मला दोनदा जायला सांगितलं. मी गेले नाही, बसून राहिले. शेवटच्या दिवशी ते पाणी मागत होते आणि तुला विचारत होते. मांगिहुत आला का? मांगिहुत आला का? तू तळ्यावर होतास. मी म्हटलं, येतोय. एवढंच झालं. बाकी काही झालं नाही तिथे."

मांगिहुत उभाच राहिला. त्याचे हात कुठे ठेवायचे ते त्याला कळेना. मग तो वळला, आणि घोळक्याने त्याला वाट दिली. तो तळ्याच्या दिशेने गेला, चर्चच्या कपड्यांवरच. तो गेल्यावर बाकीच्यांना तिथे थांबायला कारण राहिलं नाही. ज्याच्या हातात रॉकेलचा डबा होता त्याला त्याच्या बायकोने सगळ्यांसमोर विचारलं, हा कशाला आणलास रे? तो म्हणाला, कंदिलाला लागणार होतं. भर दुपारी.

माफी कुणी मागितली नाही. पाळक आले, त्यांना सगळं कळलं, त्यांनी प्रवचनात अंधश्रद्धेवर बोलून घेतलं आणि सगळ्यांनी खाली बघून ऐकलं. तियामिन होती तिथेच राहिली.

बऱ्याच दिवसांनी मांगिहुत लासमाच्या दारात आला. तो आत येईना. म्हणाला, ती खरं बोलली का? की सगळ्यांसमोर मला दुखवायला तसं म्हणाली?

लासमा म्हणाली, "तुला बरं वाटेल असं खोटं रचायला तिला किती वेळ लागला असता? आणि ते म्हटलं असतं तर तीही सुटली असती. डबा दिसत होता तिला. विचार कर."

तो विचार करत उभा राहिला. मग विचारलं, मी येतोय असं तिने माझ्या बापाला सांगितलं, असं म्हणाली ना ती? लासमा म्हणाली, हो. "मग ते तरी खोटंच होतं," मांगिहुत म्हणाला. लासमाने नजर वळवली नाही. ती म्हणाली, हो, ते खोटं होतं. तो मान हलवून निघून गेला. पुढच्या रविवारी तो तियामिनच्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला.

बिस्तोक नाताळाच्या आधी गेला. त्या दिवसांत लासमा शेतात जात नव्हती. ती स्वतः त्याच्यापाशी बसायची. तिनेही ओळी करायचा प्रयत्न केला. लग्नकार्यातल्या त्याच्या गप्पांबद्दल काहीतरी होतं, पण यमक जुळेना, आणि जुळवलं तर अर्थ पळून जायचा. तियामिनने ऐकून सरळ सांगितलं की हे वाईट आहे. बिस्तोकनेही डोळे मिटून घेतले, म्हणजे त्यालाही ते वाईट वाटलं. शेवटी लासमा नुसतीच म्हणाली, तुम्ही होतात ते बरं झालं. यमक नव्हतं. त्याने तिचा हात धरून ठेवला. मयतीची प्रार्थना तिनेच म्हटली, आवाज न कापता, आणि ठरलेले शब्द संपल्यावर पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच उभी राहिली. तिला आणखी काही म्हणायचं असावं.

आता लासमाही आजाऱ्यांकडे जाते. कविता करत नाही, ते तिने सोडून दिलं. ती पाणी तापवते, डोकं धुते, आणि मग बाहेर येऊन बसते. आतून तियामिनची पुटपुट येत राहते. दोघी वाटेने येताना दिसल्या की लोक अजूनही आधी एकमेकांकडे बघतात. मग दार उघडतात.